मेल कुणाच्या भरवशावर ठेवावा: खासगी सेवा की स्वतःचा सर्व्हर?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत दोघांचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. पंधरा वर्षांचा सगळा व्यवहार जीमेलवर. क्लायंटचे फॉर्म १६, पॅन कार्डं, बँकेची स्टेटमेंटं सगळं त्यातच पडलेलं. आता जीमेल सोडायचंय. प्रोटॉन किंवा टुटासारख्या ‘आम्ही तुमचे मेल वाचत नाही’ म्हणणाऱ्या सेवेकडे जावं, की कुणावरच विसंबायला नको म्हणून ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर स्वतःचाच मेल सर्व्हर उभारावा?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मेल सर्व्हर स्वतः चालवू नका. पैसे भरून सेवा घ्या, पण पत्ता स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे @ नंतरचं नाव स्वतःच्या मालकीचं) घ्या आणि त्या डोमेनची चावी स्वतःकडे ठेवा. सर्व्हरची हौस असेलच तर तो डेस्कटॉप फाइली आणि फोटोंसाठी वापरा. मी २००५ पासून लोकांचे मेल सर्व्हर सांभाळतोय आणि माझा स्वतःचा मेल २०१९ पर्यंत माझ्याच सर्व्हरवर होता. तेव्हा हे भीतीपोटी सांगत नाहीये, करून कंटाळून सांगतोय.

खासगी सेवांची जाहिरात वाचली की वाटतं, मेल टाइप केल्यापासून समोरच्याने उघडेपर्यंत कुलपात असतो. तसं नसतं. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर मेल गेला तर खरोखरच मधल्या कुणाला, प्रोटॉनलासुद्धा, मजकूर वाचता येत नाही. पण तुमचे क्लायंट प्रोटॉनवर नाहीत. ते जीमेलवर, याहूवर, नाहीतर कंपनीच्या आउटलुकवर आहेत. त्यांच्याकडून येणारा मेल वाटेत सहसा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असतो, पण सेवेच्या दारात तो उघडा होतो. तिथे सेवा तो तुमच्या चावीने बंद करते आणि मग कपाटात ठेवते. दार ते कपाट एवढ्या दोन पावलांत काय होतं, हा विश्वासाचा प्रश्न आहे. कपाटातल्या जुन्या मेलचा विषय वेगळा, तिथलं गणित भक्कम आहे. प्रोटॉनवर मेलची विषयाची ओळ मात्र त्या कुलपाबाहेर राहते, टुटावर तीही आत जाते. ‘विषय: अमुक यांची नोटीस, कलम १४८’ असं लिहायची सवय असेल तर हा फरक तुमच्या कामाचा आहे.

ही दोन पावलं काल्पनिक नाहीत. २००७ साली कॅनडातल्या हशमेल या खासगी मेल सेवेने कोर्टाच्या आदेशावरून काही खात्यांचे मेल उलगडून अमेरिकी तपासयंत्रणेला दिले. सीडी भरून दिले, १२ सीडी. तोवर लोकांची समजूत होती की हशमेलला ते जमणारच नाही. पण ब्राउझरमधून लॉगिन करणाऱ्यांचा पासवर्ड क्षणभर हशमेलच्या सर्व्हरवर यायचा, आणि तेवढा क्षण पुरला. २०२० मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या कोर्टाने टुटाला, तेव्हाच्या टुटानोटाला, एका खात्यात यापुढे येणारे मेल कुलूपबंद करण्याआधीच टिपून द्यायला लावले. जुने मेल देता आले नाहीत, कारण ते कपाटात गेले होते. २०२१ मध्ये प्रोटॉनला स्वित्झर्लंडच्या अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, नोंदवून द्यावा लागला. मजकूर दिला नाही, देताच आला नसता. पण ‘आम्ही आयपी नोंदवत नाही’ हे वाक्य त्यानंतर त्यांना जपून लिहावं लागलं. स्पेनमधल्या एका प्रकरणात तर खातं परत मिळवायला म्हणून दिलेला दुसरा मेल पत्ता पुढे गेला. माणसाने तो आपण होऊन भरला होता.

यातून ‘सगळे सारखेच’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो आळशीपणा वाटतो. एका ठिकाणी मजकूर गेला, दुसरीकडे फक्त पुढचा मजकूर गेला, तिसरीकडे फक्त पत्ता गेला. करसल्लागाराला या तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या मागे युरोपोल, म्हणजे युरोपची पोलीस यंत्रणा, लागलेलं नाही. तुम्हाला भीती कशाची? कुणी फिशिंग करून, म्हणजे खोट्या मेलने पासवर्ड काढून घेऊन, खात्यात शिरेल आणि पंधरा वर्षांची स्टेटमेंटं उचलेल, ऑफिस सोडून गेलेल्या मुलाकडे पासवर्ड राहिला असेल, किंवा एक दिवस कारण न सांगता खातं बंद होईल. यातली शेवटची भीती लोक हसण्यावारी नेतात, आणि मला सगळ्यात खरी तीच वाटते.

म्हणून लॅवाबिटची गोष्ट मी नेहमी जरा वेगळ्या कारणाने सांगतो. टेक्सासमधली ही छोटी मेल सेवा लॅडार लेव्हिसन चालवायचा. अमेरिकी हेरयंत्रणेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनचं खातं तिथे होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात सरकारने एका खात्याची माहिती मागता मागता आख्ख्या सर्व्हरची टीएलएस चावी, म्हणजे ये-जा कुलूपबंद ठेवणारी चावी, मागितली. ती दिली की त्या दारातून जाणारा-येणारा प्रत्येक जण दिसणार. लेव्हिसनने चावी छापून दिली: ११ पानं, ४ पॉइंटच्या अक्षरात, भिंगाखालीही धड वाचता येणार नाही अशी. कोर्टाने दिवसाला ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी त्याने चावी दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ ला सेवाच बंद केली. लोक त्याचं धाडस आठवतात, आठवायलाच हवं. पण त्या दिवशी चार लाखांहून जास्त लोकांच्या मेलला टाळं लागलं, हे कुणी आठवत नाही. ज्यांचा पत्ता लॅवाबिटच्या नावाने संपत होता, त्यांची बँक, त्यांचं ऑफिस, त्यांची डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं एका अशा पत्त्यावर अडकलं जिथे आता कुणी राहत नव्हतं.

भारतात याची चुणूक दिसलीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल देशात बंद करण्यासाठी कारवाई सुरू करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल अश्लील मेल येत होते, त्यावरून ते प्रकरण होतं. त्याच्या आदल्या वर्षी चेन्नईतल्या शाळांना आलेल्या बॉम्बच्या खोट्या धमक्यांवरूनही तीच मागणी झाली होती. दोन्ही गुन्ह्यांशी तुमचा काडीचा संबंध नाही. पण अशी सेवा उद्या खरंच बंद झाली तर ३० जुलैच्या रात्री तुम्ही रिटर्नची पोचपावती शोधत बसाल.

मग स्वतःचाच सर्व्हर का नको?

कारण मेलच्या जगात तुमचा सर्व्हर एकटा काही ठरवत नाही. समोरच्याचा सर्व्हर तुम्हाला दारात उभं करतो की नाही, यावर सगळं आहे. ऑफिसच्या फायबरवरून सुरुवात करू. बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतोच, शंभर घरं एकाच आयपीमागे उभी असतात. स्टॅटिक आयपी जादा पैसे देऊन घेतला तरी मेल ज्या वाटेने जातो तो २५ नंबरचा पोर्ट अनेकदा बंद असतो. तोही उघडून घेतला तर तो आयपी घरगुती वापराच्या यादीत असतो. स्पॅम रोखायला याद्या काढणाऱ्या स्पॅमहाउसची अशी एक यादीच आहे, तिच्यात कुणावर आरोप नसतो, एवढंच लिहिलेलं असतं की इथून थेट मेल यायला नको. जगातले कितीतरी सर्व्हर तेवढ्यावरच दार लावतात. वर आमच्याकडे गुरुवारी महावितरणची देखभाल असते ती वेगळीच. खरं तर विजेचा मुद्दा सगळे आधी काढतात, आणि तो सगळ्यात फुसका आहे: पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे दिवसभर लाइट गेली तरी येणारा मेल सहसा हरवत नाही.

म्हणून लोक व्हीपीएस, म्हणजे एखाद्या कंपनीच्या मोठ्या मशीनमधला एक सर्व्हर, भाड्याने घेतात. मीही घेतला होता. एसपीएफ लिहिलं, डीकिमची सही बसवली, डीमार्क लावलं, उलटा डीएनएस म्हणजे पीटीआर नीट केला. तपासणीच्या साइटवर दहापैकी दहा. मेल खरंच त्या डोमेनवरून, त्या सर्व्हरवरून आला याचे हे पुरावे. हे सगळं कागदपत्रांसारखं आहे, नसतील तर आत घेत नाहीत, असली म्हणून घेतीलच असं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने तर यातली काही कागदं सगळ्यांना आणि घाऊक मेल पाठवणाऱ्यांना सगळीच सक्तीची केली. पण खरी पत आयपीच्या शेजाऱ्यांवरून ठरते, आणि शेजारी तुम्ही निवडत नाही.

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. नाशिकच्या एका शाळेला वार्षिक देखभालीचं कोटेशन पाठवलं. आठवडाभर उत्तर नाही. फोन केला तर मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुमचा मेल काही आला नाही, आम्ही दुसऱ्यांना काम दिलं.” मी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला. ओळ समोर होती, अजून डोळ्यापुढे आहे: स्टेटस सेंट, २५० ओके. म्हणजे समोरच्या मोठ्या मेल सेवेने मेल घेतला, ‘मिळाला’ म्हणून सही दिली आणि मग तो ना इनबॉक्समध्ये ठेवला, ना स्पॅममध्ये. टाकून दिला. नाकारला असता तर मला परत आलेला मेल दिसला असता, मी फोन तरी केला असता. दोन दिवस खोदल्यावर कळलं की माझ्या आयपीच्याच रांगेतल्या, म्हणजे शेजारच्या नंबरांपैकी, कुठल्यातरी आयपीवरून कुणीतरी औषधांच्या जाहिराती सोडत होतं आणि आख्ख्या रांगेची पत गेली होती. अर्ज भरला, छापील उत्तर आलं, पुन्हा भरला. तीन आठवड्यांनी रांग सुटली. नोव्हेंबरात पुन्हा तेच.

मेल गेला नाही हे कळणं परवडतं. गेला असं दिसून न जाणं परवडत नाही, आणि नोटिशीचं उत्तर मुदतीत पाठवायचं असतं त्या माणसाला तर मुळीच नाही.

सुरक्षेचंही तसंच. जून २०१९ मध्ये एग्झिम या मेल सर्व्हरमध्ये असं भोक सापडलं की नीट रचलेला पत्ता पाठवला की बाहेरच्याला सर्व्हरवर थेट हुकूम चालवता यायचा. बातमी फुटल्यावर काही दिवसांतच इंटरनेटभर आपोआप हल्ले सुरू झाले. मी त्या आठवड्यात कोकणात लग्नाला होतो, रेंज एका आंब्याच्या झाडाखाली यायची. तिथे उभं राहून मोबाइलवरून तीन सर्व्हर पॅच केले, म्हणजे ते भोक बुजवलं. माझं हे कामच आहे, त्यामुळे मला ती बातमी त्याच दिवशी दिसली. तुम्हाला दिसली असती का? जून-जुलैच्या धांदलीत? मोठ्या सेवेकडे हे काम करायला रात्रपाळीची माणसं असतात. तुमच्याकडे तुम्ही आणि भागीदार.

आता ‘निदान माझा डेटा माझ्याकडे’ या मुद्द्याकडे. व्हीपीएस भाड्याचा असेल तर मशीन त्या कंपनीचं, तिला चालू मशीनची प्रत काढता येते, आणि चालू मशीनच्या मेमरीत तुमच्या चाव्या असतात. भारतात घेतलात तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्याला ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी ही माहिती ५ वर्षं जपावी लागते. आयटी कायद्याच्या कलम ६९ चा, म्हणजे माहिती उलगडून द्या असा, सरकारी आदेश स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यालाही लागू होतो, फक्त तो कंपनीच्या वकिलाकडे न जाता तुमच्या टेबलावर येतो. हा एक खरा फायदा मात्र मानायला हवा: निदान तुम्हाला कळतं.

आणि मेलची दुसरी प्रत? बेंजामिन माको हिल नावाचे संशोधक जवळपास १५ वर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवत होते. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःचीच पेटी मोजली. आदल्या वर्षी ज्या मेलना त्यांनी उत्तर दिलं होतं, त्यातले ५७ टक्के गूगलकडून आले होते. म्हणजे एवढी मेहनत करूनही अर्ध्याहून जास्त पत्रव्यवहाराची प्रत गूगलकडे होतीच. तुमचा आकडा याहून जास्त निघेल, कारण सांगली-मिरजेतला कापड दुकानदार जीमेलच वापरतो. म्हणून खरोखर गुप्त कागद मेलने पाठवूच नका. पासवर्ड घातलेली पीडीएफ पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख हा पासवर्ड धरू नका, कारण दोन्ही गोष्टी पॅन कार्डावर छापलेल्या असतात आणि पॅन कार्ड त्याच मेलला जोडलेलं असतं. मी हसत नाहीये, दर वर्षी बघतो.

तर डोमेन. तुमच्या फर्मच्या नावाचं डॉट इन घ्या, वर्षाचा खर्च दोघांच्या एका जेवणाइतका. मग मेल सेवा कुणाचीही घ्या. क्लायंटला दिसतो तो तुमचा पत्ता, आणि मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्सची ओळ तुमच्या हातात. उद्या सेवा बंद पडली, कोर्टाने बंद केली, किंमत तिप्पट झाली किंवा तुमचा विश्वास उडाला, तरी ती ओळ बदलून संध्याकाळपर्यंत दुसरीकडे मेल यायला लागतो. कुणाला नवा पत्ता कळवावा लागत नाही. हे हातात असलं की आज निवडलेल्या कंपनीवर आयुष्यभराचा विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, वर्षभराचा पुरतो.

यात तीन खड्डे आहेत, तिन्हीत पडलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. पहिला: रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्याला त्याच डोमेनवरचा मेल पत्ता देणं. डोमेन अडकलं की पासवर्ड बदलण्याचा मेलही तिथेच अडकतो. तिथे जुना जीमेल द्या, आणि टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरा कोडही मागणारी सोय, लावा. दुसरा: नूतनीकरण. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी साइटवरची कार्डाची आपोआप वसुली अनेकदा होत नाही, आणि त्याची सूचना स्पॅममध्ये जाते. डोमेन सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या बँकेचे, आयकर पोर्टलचे मेल त्याच्याकडे जातील. डॉट इन एकदम १० वर्षांसाठी घेता येतं, तसंच घ्या. तिसरा सगळ्यात देशी: वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, आणि तो मुलगा आता बंगळुरात असतो. डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या कार्डाने, तुम्ही समोर बसून.

सेवा कोणती, यावर माझा फार आग्रह नाही. गुप्तता वर ठेवायची असेल तर प्रोटॉन किंवा टुटा. टुटावर आयमॅप मिळत नाही, म्हणजे थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल उतरवता येत नाही, त्यांचंच अॅप वापरावं लागतं. प्रोटॉनला त्यासाठी ब्रिज नावाचा प्रोग्रॅम आहे, तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. स्वतःचं डोमेनही दोन्हीकडे पैसे भरल्यावरच. सोय आणि रुपयातलं बिल वर ठेवायचं असेल तर चेन्नईची झोहो आहे. तिथे प्रोटॉनसारखं कुलूप नाही, झोहोला मजकूर वाचणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण तुमच्या धंद्याला ते चालण्यासारखं आहे. मी तुमच्या जागी असतो तर प्रोटॉन घेतला असता, कारण चोराला सर्व्हरवरून जुनी पेटी उचलता येऊ नये हे मला पटतं. तुमच्या भागीदाराला शोध जलद हवा असेल तर तो कुरकुर करेल. बंद कपाटात शोधणं हळूच चालतं.

डेस्कटॉपचं म्हणाल तर त्यावर लिनक्स, फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रॅम आणि दोन नव्या हार्ड डिस्क टाका. क्लायंटचे फोल्डर तिथे ठेवा आणि बाहेरून यायला वायरगार्ड हा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन) लावा, म्हणजे इंटरनेटवर त्याच्या एका दाराखेरीज काही उघडं ठेवावं लागत नाही. हे यंत्र गुरुवारी दोन तास बंद पडलं तर फक्त तुमची चिडचिड होते, नाशिकच्या मुख्याध्यापकाला काही कळत नाही. त्याच यंत्रावर दर रविवारी मेलची एक प्रत उतरवा. डिस्क एन्क्रिप्ट करा, नाहीतर यंत्र उचलून नेणाऱ्या चोराला सगळं वाचता येईल. आणि एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा. २०१९ चं पाणी सांगलीकराला मी काय सांगणार.

बदल ऑगस्टनंतर सुरू करा, रिटर्नचा हंगाम संपल्यावर. आधी नवा पत्ता घेऊन जीमेलवरचे मेल तिकडे वळवा आणि उत्तरं नव्या पत्त्यावरून द्यायला लागा, क्लायंट आपोआप शिकतात. मग वीजबिल, विमा, रेल्वे. बँक, आयकर आणि जीएसटी पोर्टल सगळ्यात शेवटी, एका दिवशी एकच, आणि प्रत्येक ठिकाणी ओटीपी नव्या पत्त्यावर आला की नाही ते बघूनच पुढचं. जुनं जीमेल बंद करू नका. जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्या पत्त्यावरही येतात, तेव्हा महिन्यातून एकदा तिथे लॉगिन करून बघत चला.